मरणापूर्वीची मोजदाद

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणेशविसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेडी नुकती कुठे निजली होती. 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हादरली. हादरा मिनिटभरही टिकला नाही. पण तेवढ्या अवधीत किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगड-मातीच्या ढिगाऱ्यांत रूपांतरित झाली. ज्या माळवदांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून आसरा दिला, त्यांच्याच हातदोन हात जाडीच्या मातीखाली माणसे झोपेतच गाडली गेली. भूकंपाची महत्ता होती अवघी 6.2. जपानमध्ये एवढ्या भूकंपात बळी गेलेच तर ते बोटांवर मोजण्याइतके असतात. येथे किती गेले? कोणी आठ हजार सांगतो, कोणी पावणेदहा हजार. तीन दशके उलटून गेली तरी मृतांच्या आकड्यावर एकमत नाही. ज्या राज्याला मेलेल्यांची मोजदाद धड करता आली नाही, त्याने उद्या मरू शकणाऱ्यांची मोजदाद करावी, अशी अपेक्षा धरणे काहींना भाबडेपणाचे वाटेल. परंतु हीच अपेक्षा आज सर्वाधिक निकडीची आहे.

किल्लारीच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या भागाला 1992 सालीच वारंवार धक्के बसले होते. ग्रामस्थ धास्तावले होते, माणसे अंगणात निजत होती. निसर्गाने जवळजवळ वर्षभर आधी दार ठोठावले होते. त्या वर्षभरात माळवदांवरची माती उतरवली गेली नाही, भिंतींना आधार दिला गेला नाही. कारण, मोठा भूकंप झालाच तर या गावांतील किती घरे पडतील आणि त्यांखाली किती माणसे सापडतील, हा साधा हिशेब मांडून तो ग्रामस्थांपुढे आणि राज्यकर्त्यांपुढे ठेवला गेला नाही. दख्खनचे पठार स्थिर आहे, ही समजूत हिशेबाच्या आड आली. वास्तविक ही समजूत 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरातच गाडली जायला हवी होती. 1966 च्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात ज्या कोयनेला निर्धोक मानले गेले, तेथे दुसऱ्याच वर्षी 6.3 महत्तेचा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसे दगावली, प्रत्यक्ष धरणाच्या भिंतीला तडे गेले. नंतर कोयना चौथ्या क्षेत्रात गेली. किल्लारी 1993 पर्यंत पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित क्षेत्रात होती; तिसऱ्या क्षेत्रात ती गेली ती 2002 साली. आधी माणसे मरतात आणि मग नकाशा सुधारतो, ही आपली रीत! नकाशा हा सावधगिरीसाठी असतो की श्राद्धासाठी?

अंदाज म्हणजे भविष्यकथन नव्हे

कल्पित भूकंपाच्या हानीचा अंदाज, असे म्हणताच दोन प्रकारचे लोक नाक मुरडतात. एक म्हणतात, भूकंप कधी होणार हेच जिथे कळत नाही तिथे अंदाज कसला? दुसरे म्हणतात, असले अभद्र बोलूच नये. पहिल्यांचा गैरसमज आहे. दुसऱ्यांचा भित्रेपणा आहे.

भूकंपाचा दिवस आणि घटका आज जगातील कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. पण भूकंप झालाच तर काय होईल, हे सांगता येते. आणि त्याची रीत सामान्य सुशिक्षित माणसाला समजेल इतकी सरळ आहे. तिला तीन गोष्टी लागतात. जमीन किती हादरेल, तिच्यावर काय उभे आहे, आणि जे उभे आहे ते किती लेचेपेचे आहे. एका काल्पनिक गावाचे उदाहरण घेऊ. गावात एक हजार घरे, घरटी पाच माणसे. यांपैकी चारशे घरे दगड-मातीची. भूकंपतीव्रतेच्या प्रचलित श्रेणीनुसार नवव्या पायरीच्या हादऱ्यात असल्या घरांपैकी सुमारे निम्मी जमीनदोस्त होतात. म्हणजे दोनशे घरे कोसळली. भूकंप रात्रीचा असेल तर त्यांत हजार माणसे आहेत. कोसळलेल्या घरातील पाचांतला एक दगावतो असे धरले, तर दोनशे बळी. तोच हादरा दुपारी बसला आणि चौथाई माणसेच घरात असली, तर पन्नास. आता या चारशे घरांपैकी निम्म्यांना आडवे पट्टे, कोपऱ्यांचे सांधे आणि हलके छप्पर देऊन ती न कोसळण्याजोगी केली, तर रात्रीचे बळी शंभरावर येतात. उरलेल्या शंभर माणसांचे प्राण कोणत्याही चमत्काराने वाचले नाहीत, हिशेबाने वाचले. जखमी किती, रुग्णखाटा किती लागतील, पूल कोणते जातील, पाणी किती दिवस बंद राहील, पुनर्बांधणीला रुपये किती लागतील, हे सारे याच रीतीने पुढे काढता येते.

अमेरिकेने 1997 पासून यासाठी ‘हॅझस’ नावाची संगणकप्रणाली वापरात आणली. 2008 साली तेथील भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने दक्षिण कॅलिफोर्नियात 7.8 महत्तेचा भूकंप झाल्याचे कल्पून सारा हिशेब जनतेपुढे ठेवला. सुमारे 1,800 मृत्यू, पन्नास हजारांवर जखमी, 213 अब्ज डॉलरची हानी. हे आकडे कपाटात गेले नाहीत. 2015 साली लॉस एंजेलिस नगरीने तळमजला मोकळा असलेल्या सुमारे साडेतेरा हजार लाकडी सांगाड्याच्या जुन्या इमारती बळकट करणे मालकांवर कायद्याने बंधनकारक केले. जपानचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. टोकियो महानगराने 2012 साली आपल्याच नगरीच्या पायाखालील भूकंपात साडेनऊ हजारांहून अधिक मृत्यू होतील असे जाहीर केले. 2022 च्या फेरअंदाजात तो आकडा सहा हजार एकशेच्या घरात आला. दहा वर्षांत घरे बळकट झाली, आगीला वाव कमी झाला, त्याचा हा परिणाम. नानकाई समुद्रगर्तेतील महाभूकंपात सुमारे तीन लाख माणसे मरतील, असे ते राष्ट्र आपल्या नागरिकांना तोंडावर सांगते. तेथे घबराट माजली नाही, घरांच्या किमती मातीमोल झाल्या नाहीत. आकडा समोर असल्यामुळे तो खाली आणण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र ठरले.

पापाचा सिद्धान्त आणि कारणांचा शोध

भूकंपाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी या देशात जाहीरपणे एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या होत्या. 15 जानेवारी 1934 रोजी बिहार आणि नेपाळ हादरले, हजारो माणसे प्राणास मुकली. तेव्हा गांधीजींनी हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, असे त्यांनी बजावले. अस्पृश्यता हे पाप होतेच, त्याविषयी दुमत नाही. पण भूकंप त्या पापाचा हिशेब चुकता करायला आला असे मानले, की भिंत कोणी बांधली, कशी बांधली, हा प्रश्नच उरत नाही. विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरणाऱ्या सावरकरांच्या महाराष्ट्राने तरी रवींद्रनाथांच्या बाजूला उभे राहायला हवे.

आणि ही दृष्टी पाश्चात्त्यांकडून उसनी आणावी लागत नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपाच्या लक्षणांसाठी स्वतंत्र अध्याय योजला. आजच्या शास्त्राच्या कसोटीवर तो उतरणार नाही, पण भूकंप हा विचार करण्याचा, वर्गवारी लावण्याचा विषय आहे हे त्याने मानले होते. कौटिल्याने अग्नी, जल, रोगराई, दुष्काळ आदी आठ दैवी आपत्ती मोजल्या आणि त्यांपुढे हात जोडायला न सांगता प्रत्येकीचा प्रतिकार कसा करावा याचे नियम घालून दिले. गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे, हे आज्ञापत्राने स्वराज्याच्या कारभाऱ्यांना शिकवले. आधी पाहणे आणि मग उभारणे, ही आपली परंपरा आहे. आधी उभारणे, मग दंड भरून नियमित करून घेणे, ही परंपरा कोणाची?

जमिनीखाली तीन किलोमीटर, जमिनीवर अंधार

महाराष्ट्रात ज्ञान नाही असे नाही. कराड येथे केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी तेथील शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल विवर खोदले. हे काम गौरवास्पदच आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी 1999 सालीच मुंबई महानगरासाठी कल्पित भूकंपाच्या हानीचे चित्र मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. 1997, 2006 आणि 2019 अशा तीन वेळा देशाचा आपत्तिप्रवणता-नकाशासंग्रह निघाला. भिंत कशाची आणि छप्पर कशाचे, याची जिल्हावार कोष्टके त्यात आहेत. 2013 साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने हिमाचलातील मंडी येथे 8 महत्तेचा भूकंप झाल्याचे कल्पून उत्तरेतील राज्यांसाठी मोठा सराव घडवून आणला.

मग अडले कुठे? अडले ते विद्यापीठाच्या दारापासून महापालिकेच्या दारापर्यंतच्या चार पावलांत. तीन किलोमीटर खोल काय दडले आहे ते जाणण्याची जिद्द या राज्यात आहे. पण डोंबिवलीच्या, मुंब्र्याच्या, पिंपरीच्या एखाद्या गल्लीत जमिनीवर काय उभे आहे, त्याच्या खांबांत किती सळई आहे, हे जाणण्याची इच्छा नाही. मुंबई तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येते. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईत सव्वा कोटी माणसे राहत होती आणि त्यांतील दर पाचांपैकी दोन झोपडवस्तीत. 1969 साली दुरुस्ती मंडळाच्या कक्षेत आलेल्या उपकरप्राप्त इमारती होत्या 19 हजार सहाशेहून अधिक. त्यांतील बहुसंख्य 1940 पूर्वीच्या. त्यांपैकी हजारो आजही उभ्या आहेत.

या इमारतींना भूकंपाची गरजही पडत नाही. 2013 च्या एप्रिलमध्ये शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून 74 माणसे गेली. 2017 च्या ऑगस्टमध्ये भेंडीबाजारात 33. 2020 च्या ऑगस्टमध्ये महाडला उणीपुरी दहा वर्षेही न झालेली पाच मजली इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी बसली आणि 16 जीव गेले. या तिन्ही वेळी धरणी शांत होती. धरणी शांत असताना जे राज्य आपल्या इमारती उभ्या ठेवू शकत नाही, ते धरणी हलली तर काय करील, या प्रश्नाचे उत्तर मागण्याचा अधिकार नागरिकाला नाही काय? 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या वनवासी पाड्यांना शेकडो धक्के बसले. माणसांना ऐन थंडीत तंबूत निजावे लागले. 2024 साली हिंगोलीच्या परिसराने दोनदा साडेचार महत्तेचे हादरे सोसले. दार पुन्हा ठोठावले जात आहे.

हिशेबाची भीती कोणाला?

हिशेब मांडला जात नाही, यामागे केवळ आळस नाही. हिशेब मांडला की नावे येतात. कोणत्या वस्तीत किती इमारती पडतील हे छापले गेले, की त्या बांधणाऱ्याचे, परवाना देणाऱ्याचे आणि नंतर त्या नियमित करून देणाऱ्याचे नाव विचारले जाईल. महाराष्ट्रात 2001 साली गुंठेवारीचा कायदा झाला. 2021 साली त्याची मुदत वाढवून 2020 अखेरपर्यंतची बांधकामे त्यात घेतली गेली. दरम्यान 2017 साली नगररचना कायद्यात कलम घालून 2015 अखेरपर्यंतची अनधिकृत बांधकामे नियमित करण्याची वाट मोकळी झाली. सत्तेवर कोणताही पक्ष असो, या एका बाबतीत सर्वांचे सूर जुळतात. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर वाचवण्याचा युक्तिवाद केला जातो. पण ते छप्पर त्याच गरिबाच्या डोक्यावर कोसळणार नाही, याची खातरजमा दंडाच्या पावतीने होते काय? तुर्कस्तानने 2018 साली अशीच सरसकट माफी दिली, लाखो बांधकामांना अभय दिले. 6 फेब्रुवारी 2023 च्या पहाटे 7.8 महत्तेचा भूकंप आला. एकट्या तुर्कस्तानात 53 हजारांहून अधिक माणसे मेली. कागदावर नियमित झालेला खांब भूकंपाला नियमित वाटत नाही.

आकडे अचूक नसतात, हा आणखी एक आक्षेप. नसतातच. 1998 साली नेपाळमधील भूकंप-तंत्रज्ञानाला वाहिलेल्या एका स्वयंसेवी संस्थेने परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने हिशेब मांडला: 1934 सारखा हादरा पुन्हा बसला तर काठमांडू खोऱ्यात चाळीस हजार माणसे मरतील. 25 एप्रिल 2015 ला भूकंप आला तेव्हा साऱ्या नेपाळात सुमारे नऊ हजार बळी गेले. अंदाज चुकला म्हणून हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की तो हादरा 1934 सारखा नव्हता; तो शनिवार होता, दुपारची वेळ होती, शाळा बंद होत्या. आणि त्या अंदाजानंतर याच संस्थेच्या पुढाकाराने शाळा बळकट करण्याचे जे काम सुरू झाले, त्यात बळकट केलेल्या शाळा भूकंपात टिकून राहिल्या. चुकलेल्या अंदाजानेही वर्ग वाचवले. न केलेल्या अंदाजाने कोणाला वाचवले, ते दाखवावे.

सेवेचे पुढचे पाऊल

येथे केवळ राज्यकर्त्यांकडे बोट दाखवून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. किल्लारीला, 2001 साली कच्छला, स्वयंसेवक आणि सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते धावून गेले. ढिगारे उपसले, प्रेते उचलली, अंत्यसंस्कार केले, घरे उभारली. त्या सेवेचे मोल कमी नाही. पण आपत्तीनंतर धावून जाणे हेच सेवेचे पूर्ण रूप, असे मानण्याची सवय समाजाला जडली आहे. प्रेत उचलणारे हात पुण्यवान खरेच. परंतु ते प्रेत होऊच न देणारा हात अधिक पुण्यवान. अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताकदिनाची फेरी काढणारी शाळकरी मुले 26 जानेवारी 2001 च्या सकाळी दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. त्यांचे स्मारक 2022 साली उभे राहिले. आदल्या वर्षी कोणी त्या गल्लीची रुंदी आणि त्या भिंतींचे वय टिपून ठेवले असते, तर फेरी मैदानातून गेली असती.

मध्यमवर्गीय वाचकानेही आपल्या इमारतीकडे डोळे उघडून पाहावे. कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे मेली. ती घरे मातीची नव्हती. ती सुशिक्षितांची सदनिकांची घरे होती. खाली वाहनतळासाठी मोकळे खांब आणि वर भरीव मजल्यांचा भार, हे त्यांतील अनेकांचे दुखणे. ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर येथील किती गृहरचना संस्था याच धाटणीच्या आहेत? तळमजल्याच्या दुकानासाठी भिंत काढली, दिवाणखाना ऐसपैस करण्यासाठी तुळईला हात लावला, गच्चीवर टाकी चढवली, हे कोणी बाहेरच्या शत्रूने केले काय? पंधरा वर्षांवरील इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचना तपासणी करावी, असे सहकारी संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात. वार्षिक सभेत या विषयावर वर्गणीचा प्रश्न निघाला की सभा तहकूब होते. रंगकाम आणि प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी मात्र निधी जमतो. घराचा भूकंपविमाही कितीजणांनी उतरवला आहे? 2021 पासून ‘भारत गृहरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे आणि भूकंप तिच्या कक्षेत येतो. विमा नसलेल्या घराची हानी शेवटी सरकारी तिजोरीवर, म्हणजे साऱ्या समाजावर पडते.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यासाठी आणि प्रत्येक महानगरपालिकेसाठी कल्पित भूकंपाच्या हानीचा अंदाज, रात्रीचा वेगळा आणि दिवसाचा वेगळा, माणसांत आणि रुपयांत, मराठीत छापून जाहीर करावा व दर पाच वर्षांनी त्याची फेरमांडणी करावी. रुग्णालये, शाळा, अग्निशमन केंद्रे आणि जिल्हाधिकारी कार्यालये यांची तपासणी सर्वप्रथम व्हावी. कारण मदत जिथून निघायची तीच इमारत पडली तर मदतीला कोण येणार? संरचनेचे प्रमाणपत्र असल्याखेरीज एकही बांधकाम नियमित होऊ नये.

आणि सरकार करील तेव्हा करील. एका प्रभागात वीस कार्यकर्ते आणि दोन स्थापत्य अभियंते चार रविवार फिरले, तर कोणती इमारत मोकळ्या खांबांवर उभी आहे, कोणती चाळ टेकूवर आहे, कोणत्या गल्लीत अग्निशमनाचा बंब शिरत नाही, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, याची यादी तयार होते. नेपाळसारख्या साधनांनी तोकड्या देशातील स्वयंसेवी संस्थेला जे जमले, ते महाराष्ट्रातील संघटित समाजाला का जमू नये? किल्लारीत जी माणसे गेली त्यांची नावे गावोगावच्या स्मृतिस्तंभांवर कोरलेली आहेत. दर 30 सप्टेंबरला तेथे फुले वाहिली जातात. येत्या 30 सप्टेंबरला फुलांबरोबर आपल्या प्रभागाची ही यादी घेऊन कार्यकर्त्यांनी महापालिका आयुक्तांच्या, नगरपालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या दारात उभे राहावे आणि विचारावे: ही माणसे अजून जिवंत आहेत, यांच्यासाठी आपण काय करणार आहात?